कोणाच्या हवाली

अकोल्याचा माणूस दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर वर्षभर राहून आला, हे काही लोकांना आजही खोटं वाटतं. ज्यांनी अकोल्याचा उन्हाळा काढला आहे त्यांना तर मुळीच पटत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण तो माणूस माझा नवरा होता, आणि तो तिकडे जाऊ शकला तो माझ्या तोंडून निघालेल्या तीन शब्दांमुळे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी बढाई आहेच, पण खरी आहे.

त्यांचं नाव घेणार नाही. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतं घ्यायचं, एरवी ‘हे’. ती सवय लागली ती लागली.

ह्यांचा जन्म बाळापूरजवळच्या एका खेड्यातला. वडील दुसऱ्यांच्या वावरात राबायचे, ते लवकर गेले. आई मुलाला घेऊन अकोल्याला आली आणि जिनिंग फॅक्टरीत कापूस निवडायच्या कामाला लागली. त्या मजुरीवर तिनं ह्यांना अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.पर्यंत नेलं. पुढे हवामान खात्यात नोकरी लागली. वारा मोजायचा, ऊन मोजायचं, आकाशात फुगे सोडायचे आणि आकडे तारेनं वर कळवायचे, असं काम. खेड्यातल्या लोकांना त्यातलं एवढंच समजलं की आपलं पोरगं पावसाच्या हापिसात साहेब झालं. मग पाऊस लांबला की लोक अकोल्याला बाजारासाठी आले म्हणजे वाकडी वाट करून घरी येत आणि सासूबाईंनाच जाब विचारत.

मी अमरावतीची. वडील बडनेऱ्याला रेल्वेत फिटर. मी मॅट्रिक होऊन मास्तरणीचं ट्रेनिंग घेतलं होतं आणि नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. दोन्ही घरं बौद्ध, दीक्षा घेतल्याला थोडीच वर्षं झालेली, दोन्हीकडे शिक्षणाचं वेड, त्यामुळे सोयरीक चटकन जमली. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी हे मान खाली घालून बसले होते आणि मी चहा द्यायला गेले तेव्हा मला फक्त त्यांचा भांग आणि दोन कान दिसले. कान चांगले होते. आमचं बोलणं झालं नाही, तशी पद्धतच नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी, दिवाळी नुकतीच झालेली, बाबा ड्यूटीवरून घरी आले आणि चपला न काढताच ओट्यावर बसले. अकोल्याहून आलेल्या एका ओळखीच्या गार्डनं त्यांना स्टेशनवर गाठून सांगितलं होतं की तुमचे होणारे जावई मोठ्या दवाखान्यात आहेत, त्यांचं पोट फाडलंय.

“बिमारी होती अन् लपवली,” बाबा म्हणाले. “आमाले फसवलं त्यायनं. उद्या जातो अन् सोयरीक मोडून येतो.”

“मी पण येते,” मी म्हटलं.

“तुयं काय काम तिथं?”

“सोयरीक माझी आहे ना? मग मोडताना मी नको?”

बाबांनी माझ्याशी वाद घालणं मी चौथीत असतानाच सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही बडनेऱ्याहून पॅसेंजरनं निघालो. डब्यात कापसाच्या मोसमातली सगळी गर्दी, लोकांच्या टोप्यांवर, पातळांवर रुई चिकटलेली. मूर्तिजापूरला बाबा म्हणाले, “तिथं तू तोंड उघडू नोको.” मी म्हटलं, “पाहू.”

दवाखान्याच्या व्हरांड्यात ह्यांचं अख्खं खेडं उतरलं होतं. कोणी पेज आणलेली, कोणी ताक, कोणी नुसतंच काळजी करायला आलेलं. आत काय कापलं, ते कुठं ठेवलं, आणि आता त्याच्या जागी काय बसवणार, यावर जोरात चर्चा चालली होती. एक म्हातारबुवा सारखे एकच विचारत होते, “बिमार नसलेला बैल कोनी दवाखान्यात नेते काय?” त्यांच्या शेजारी बसलेली एक बाई हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “देव नदीत सोडले, मंग दुसरं काय होनार बाप्पा.”

आत हे खाटेवर पडले होते. आम्हाला पाहून उठायला गेले आणि टाक्यांमुळे तसेच अर्ध्यावर थांबले. त्यांची आई खाटेच्या लोखंडी पायाला पाठ टेकून खाली फरशीवर बसली होती. बारीक चणीची बाई, डोक्यावरून पदर, आणि कापसाची बोंडं लागून लागून चरे पडलेली बोटं. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि बसायला म्हणून स्वतःची सतरंजी पुढे सरकवली.

“काय बिमारी झाली?” बाबांनी उभ्यानंच विचारलं.

“बिमारी नाई मामाजी,” हे म्हणाले. “चांगलाच आहो मी.”

“चांगल्या मानसाचं पोट फाडलं?”

“हौ.”

“कोनी जबरदस्ती केली?”

“नाई. मीच करून घेतलं.”

बाबांनी एकदा वळून पाहिलं. आपण वेड्यांच्या वॉर्डात तर आलो नाही ना, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली. मला तर हसूच येत होतं.

मग ह्यांनी सांगितलं. एका परदेशी तुकडीबरोबर दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर वर्षभर राहून हवामान मोजण्यासाठी खात्याला माणूस पाठवायचा होता. ह्यांनी कोणाला न सांगता अर्ज केला आणि निवड झाली. तिथे जहाज तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, माणसं उतरवतं आणि निघून येतं. मग समुद्रच गोठतो, आणि दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा येईपर्यंत ना कोणी आत येऊ शकत ना बाहेर. तुकडीत डॉक्टर एकच. भर हिवाळ्यात कोणाचं अपेंडिक्स सुजलं तर सगळाच घोटाळा. म्हणून त्या लोकांचा नियमच होता की ते काढूनच जहाजावर चढायचं. अकोल्याच्या डॉक्टरांनी आधी साफ नाही म्हटलं होतं. निरोगी माणसाला मी सुरी लावणार नाही, म्हणाले. खात्याचा कागद दाखवला तेव्हा कुठे तयार झाले.

“अन् हे घरी सांगितलं नाई?” बाबा म्हणाले.

“सांगितलं असतं तं कापू देलं असतं काय कोनी?”

हे पुढे म्हणाले, “मामाजी, तुमची पोरगी अडकवून ठेवाचा मले हक्क नाई. सोयरीक मोडली म्हना, माया काई राग नाई. वापस आलो अन् तवापर्यंत तिचं दुसरीकडे जमलं नसलं, तं मंग पाहू.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी दोन हात अंतरावर उभी, आणि हा माणूस माझ्या बापाशी माझ्याबद्दल असा बोलत होता जसा काही मी पुढच्या बाजाराला परत विचारून बघायचा माल आहे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खालून आवाज आला.

“सोयरीकीचं मंग पाहा. पयले मले हे सांगा, मी माया पोराले कोनाच्या हवाली करू?”

ह्यांची आई फरशीकडे पाहत बोलत होती.

“लहानपनी याले मुदतीचा ताप आला होता. तवा मी मरीमायले नवस बोलली अन् घरी येऊन झोपली. तो जगला, मी नवस फेडला. पन ते देव मी मायाच हातानं टोपलीत भरून नदीत सोडले. मांगं वळून पायलं नाई. आता अडलं म्हून परत त्यायच्यापाशी जाऊ? मी अशी नाई. विहारात जातो आमी, वंदना म्हनतो, पन तिथं मागाचं नसते. हे मले समजते. मंग याले कोनाच्या भरोशावर पाठवू?”

दीक्षेवर पुष्कळ भाषणं मी ऐकली होती, तोवर आणि नंतरही. पण देव सोडणं म्हणजे एका आईला काय काय एकटीनं उचलावं लागतं, हे मला त्या दिवशी त्या फरशीवर कळलं. मला तिच्याबद्दल फार आदर वाटला.

ह्यांनी शिकलेल्या माणसासारखं उत्तर दिलं. माय, तिथं डॉक्टर आहे, वायरलेस आहे, वर्षाचं धान्य आहे, दुहेरी भिंतींची घरं आहेत, कुत्र्यांच्या गाड्या आहेत.

“ते सामान झालं,” ती म्हणाली. “मी मानसाचं इचारून राहिली.”

हे म्हणाले, “तू नाई म्हनली तं मी जात नाई, माय. पोट फाडलं ते फाडलं.” ते रागानं म्हणाले नाहीत. खरंच तसं ठरवून म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. तेव्हा मला समजलं की ह्या माणसाला आयुष्यात दुसरं काही नकोय.

“माया हवाली करा,” मी म्हटलं.

एरवी मी शाळेची भाषा बोलायचे. त्या वेळी तोंडातून घरचीच निघाली.

“तू काहून मधात बोलून राहिली?” बाबा ओरडले.

“लग्न आताच करा, जायच्या आधी,” मी सांगून टाकलं. “परत आले तर पाहू, असलं मला चालणार नाही. मी यांच्या घरी राहीन, यांच्या आईजवळ. वर्षभर यांची जबाबदारी माझी.”

ती फरशीवरून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहायला लागली. “तू काय करशीन व इथं बसून?”

“जे करावं लागेल ते.”

“अन् तो नाई आला तं?”

“तर मी तुमच्याजवळच राहीन.”

मी बावीस वर्षांची होते आणि दक्षिण ध्रुव कुठल्या दिशेला आहे यापलीकडे मला त्यातलं काहीएक माहीत नव्हतं. तरी मी ते इतक्या ठामपणे सांगितलं की माझा माझ्यावरच विश्वास बसला. तिनं बाबांना विचारलं, “पोरगी नेहमीच अशी हाय काय?”

“हौ,” बाबा हताश होऊन म्हणाले. “जनमली तवापासून.”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली, आणि पेजेची वाटी उचलून मुलाला भरवायला लागली. एवढाच तिचा होकार.

टाके वाळल्यावर पंधरवड्यात अमरावतीला लग्न झालं. आमच्यात तेव्हा नवी रीत रुजत होती. पांढरं पातळ, पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, हार, आणि संपलं. आमच्या काही जुन्या बाया नवरीला पांढऱ्यात पाहून डोळे पुसत होत्या. मी त्यांना म्हटलं, रडू नका, नवरा जिथं चाललाय तिथं सगळं पांढरंच आहे.

जायच्या आधीचे दिवस फार मजेत गेले. त्या तुकडीत स्वयंपाकाची पाळी सगळ्यांवर यायची, आणि ह्यांना पाणी उकळण्यापलीकडे काही येत नव्हतं. मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यांना चुलीपुढे बसवून झुणका शिकवला. ध्रुवावर जाणारा माणूस बेसनाच्या गाठी मोडत बसला आहे आणि त्याची आई म्हणते आहे, “हलव ना लेका, हात काय गहान ठेवला?” हे मी पाहिलं आहे. सामानात त्यांनी बेसन आणि लाल तिखट डबे भरभरून नेलं. पुढे त्या झुणक्यानं परदेशी मंडळींच्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि तरी दर पाळीला मागणी त्याचीच होऊ लागली, असं हे सांगायचे. यातलं किती खरं, ते मी कधी तपासलं नाही.

अकोला स्टेशनवर गाडी सुटली तेव्हा मामी मुलाकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या. मी रडणार नव्हतेच.

मी अमरावतीची नोकरी सोडून अकोल्यातल्या एका शाळेत लागले. घर दोन खोल्यांचं, समोर निंबाचं झाड. पहाटे मामी चूल पेटवायच्या, मी पीठ मळायला बसायचे, मग त्या जिनिंगला आणि मी शाळेत. जहाज निघाल्याची तार आली त्याच्या दुसऱ्या सकाळी फुंकणी खाली ठेवून त्यांनी विचारलं, “कसा हाय व माया पोरगा?”

“ठीक आहेत,” मी म्हटलं.

“ठीक म्हंजे?”

आता आली का पंचाईत. पण ह्यांना मीच आपल्या हवाली मागून घेतलं होतं, तेव्हा उत्तर देणं भाग होतं. “जहाजावर आहेत. पहिले दोन दिवस उलट्या झाल्या असतील, आता भूक लागली असेल. टोपी घालून बाहेर उभे आहेत आणि वारा मोजताहेत.”

“हां,” मामी म्हणाल्या, आणि भाकर तव्यावर टाकली.

त्या दिवसापासून रोज सकाळी तोच प्रश्न, आणि रोज मला नवं काहीतरी सांगावं लागे. कारण कालचंच सांगितलं तर त्या म्हणत, “ते काल झालं, आजचं सांग.” ह्यांचे निरोप यायचे ते वायरलेसवरून परदेशात, तिथून दिल्लीला, मग नागपूरच्या ऑफिसातून टपालानं अकोल्याला, तेही मोजके शब्द. ‘मी ठीक. माय कशी. तू कशी.’ एवढ्यावर रोजची बातमी कशी पुरणार? मी शाळेतला नकाशा पाहायची, जायच्या आधी ह्यांनी सांगितलेलं आठवायची, आणि बाकीचं मनानं घालायची. आज दाढी केली. आज कुत्र्यांना खायला घातलं, एक फार खोडकर आहे. आज मोजे शिवत बसलेत, सुई सारखी बोटाला लागते. सांगता सांगता मला ते खरंच दिसायला लागायचं. सांगून झालं की मी बाहेर पडायची ती दिवसभरासाठी ठणठणीत.

आजूबाजूच्यांना हे कळायला वेळ लागला नाही. गल्लीतल्या बाया येऊन विचारू लागल्या, बाई, आज काय म्हनतात? एक जण आपली हरवलेली म्हैस कोणत्या दिशेला गेली ते विचारायला आला. मी त्याला म्हटलं, “बर्फावर म्हैस दिसली तर सांगते.” तो खरोखर दोन दिवसांनी परत आला.

आपल्याकडे मे-जूनमध्ये माणसं ओला पंचा डोक्यावर घेऊन फिरतात तेव्हा तिकडे सूर्य उगवतच नाही. मामींना हे मी पृथ्वीच्या गोळ्याऐवजी कांदा हातात घेऊन समजावलं. त्यांना ते एका झटक्यात समजलं. “म्हंजे आपल्या हिश्श्याचं ऊन आलं, अन् त्याच्या हिश्श्याचा अंधार,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “थोडं त्याले देता आलं असतं तं बरं झालं असतं.”

त्या अंधाराच्या दिवसांत निरोप यायचे थांबले. आधीही कधी उशीर व्हायचा, म्हणून मी फार लक्ष दिलं नाही. मग एक दिवस बाबा अवेळी अकोल्याला आले. त्यांच्या हातात नागपूरचं वर्तमानपत्र होतं आणि त्यात चार ओळी होत्या. त्या ठाण्यावरची दोन माणसं कामासाठी बाहेर पडली असता बर्फाच्या वादळात सापडली, त्यांचा पत्ता लागलेला नाही. नावं दिलेली नव्हती.

बाबांनी मला शाळेच्या फाटकातच गाठलं. “घरी चाल,” ते म्हणाले. “आपल्या घरी, अमरावतीले. इथं म्हातारीसमोर कशी राहशीन तू?” त्यांचा आवाज कापत होता. बाबांचा आवाज कापताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

“मी शब्द दिलाय, बाबा.”

“तवा तू लहान होती.”

“गेल्या दिवाळीची तर गोष्ट आहे,” मी म्हटलं, आणि वर्गावर गेले. बाबा त्या दिवशी परत गेले, पण वर्तमानपत्र माझ्याजवळ ठेवून गेले. मामींना वाचता येत नव्हतं, तरी मी ते घरी नेलं नाही. शाळेच्या कपाटात टाकलं.

दुसऱ्या सकाळी चूल पेटली आणि प्रश्न आला. “कसा हाय व माया पोरगा?”

मला स्पष्ट सांगायचं आहे की मला भीती वाटत होती. हातातलं पीठ दगडासारखं झालं होतं. ठीक म्हणावं तर खोटं, ठीक नाही म्हणावं तर त्याहून मोठं खोटं असू शकतं. मी म्हटलं, “वादळ आलंय. तंबूत बसलेत. बरोबर एक सोबती आहे. बाहेर निघत नाहीत, शहाणे आहेत.”

“खायाले हाय?”

“आहे.”

“हां,” मामी म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांनी भाकर थापलीच नाही.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी मी त्यांना तंबूत ठेवलं. रोज थोडं वादळ कमी केलं. एक दिवस सोबत्याच्या पायाला लागलं असं माझ्या तोंडून गेलं आणि मीच दचकले, मग दुसऱ्या दिवशी त्याला बरं करून टाकलं. शाळेत मी नेहमीपेक्षा जोरात शिकवत होते. मुली घाबरून अभ्यास करायला लागल्या. आणि रोज उठल्या उठल्या वाटायचं की आज आपल्या तोंडून काही निघणार नाही, आणि रोज तो प्रश्न आला की निघायचं.

शेवटी नागपूरहून तार आली. दोघेही सुखरूप परतले. त्या दोघांत हे होतेच. वादळ उलटेपर्यंत तंबूत बसून राहिले होते, सोबती परदेशी होता, आणि त्याच्या पायाला मात्र काही लागलं नव्हतं. बोटं गोठली ती ह्यांची. डाव्या पायाची दोन कापावी लागली. तार मी मामींना वाचून दाखवली, बोटांचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, “आठ उरली ना? चालते.” आणि कामाला गेल्या.

हे परत आले तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. अकोला स्टेशनवर बँड होता, हार होते, आणि ज्यांनी दवाखान्यात बैलाचा हिशोब मांडला होता तेच म्हातारबुवा सगळ्यांच्या पुढे उभे होते. हे गाडीतून उतरले, घामानं निथळत, दाढी वाढलेली, थोडे लंगडत, आणि हसत. पुढे कॉलेजांतून त्यांची व्याख्यानं झाली, अमरावतीत एका शाळेत तर मुलांनी त्यांना बूट काढून पाय दाखवायला लावला. काही वर्षांनी पुन्हा बोलावणं आलं आणि ते आणखी एकदा जाऊन आले. नंतर हिमालयातल्या बर्फाच्या ठाण्यांवरही काम केलं. खात्यात मोठे झाले, शिकायला येणाऱ्या पोरांना त्यांनी पुष्कळ शिकवलं. त्याबद्दल लिहिणारे लिहितील. मला सांगायचं आहे ते हे पहिल्यांदा परत आले त्याच्या दुसऱ्या सकाळचं.

हे आतल्या खोलीत झोपले होते. मी उठून नेहमीसारखी परात घेऊन बसले. मामींनी चूल पेटवली, फुंकणी ठेवली, भाकर थापली. मी वाट पाहत होते. त्यांनी काही विचारलं नाही. अर्थातच विचारायचं काही उरलं नव्हतं, मुलगा आत घोरत होता. पण तो प्रश्न आला नाही आणि मला एकाएकी रडू फुटलं. वर्षभर जे आलं नव्हतं ते सगळं आलं. मी पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

मामींनी तवा खाली उतरवला आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

“मामी, मला काहीच माहीत नव्हतं,” मी म्हटलं. “रोज मी मनानं सांगायची. ते वादळाचं वर्तमानपत्र आलं होतं, ते मी तुम्हाला दाखवलं नाही. मला खरंच काही माहीत नसायचं.”

“हौ व,” त्या म्हणाल्या. “मले काय मालूम नोतं? तुया बाप शाळेत आला, त्याच दिवशी जिनात बाया पेपरातलं सांगत होत्या.”

“मग रोज मला का विचारत होतात?”

त्यांनी माझ्या हाताला लागलेलं पीठ आपल्या बोटांनी काढायला सुरुवात केली. “तिकडच्याले मी काय करनार होती, पोरी?” त्या म्हणाल्या. “इकडची तं माया समोर बसली होती. बोलनं बंद झालं असतं तं तू आतल्या आत मेली असती. म्हून मी बोलतं ठेवलं तुले.”

मग आत हालचाल ऐकू आली आणि त्या उठल्या. “चहा टाक,” म्हणाल्या. “तो उठून राहिला.”